होडीची जॅकेटं मोजता, तसा डिझेल फिल्टरपण उघडून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब झालंय, पण विनंती आहे की मधला मेकॅनिकचा भाग कापू नका, कारण तोच कापला तर बाकीच्या पत्राला काही अर्थ उरत नाही.

गेल्या कार्तिकात माझ्या काकूंच्या अस्थी घेऊन आम्ही घरची अकरा माणसं चांदोदला गेलो होतो. बडोद्यातल्या मराठी घरांना चांदोद काय ते सांगायला नको, घरात कोणी गेलं की आपले पाय तिकडेच वळतात. माझ्या लहानपणी डभोईहून छोट्या लाईनीच्या गाडीने जायचो, आता मोठी लाईन झालीय, पण घाटाच्या पायऱ्या, गुरुजी, आणि संगमापर्यंत नेणाऱ्या होड्या तशाच आहेत. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती जिथे मिळतात तिथे मध्ये जाऊन विसर्जन करायचं म्हणून आम्ही एक जुनी लाकडी होडी केली, इंजिन आतच बसवलेलं, दोन सिलिंडरचं डिझेल, वर पत्र्याचं खोकं. होडीत आमची आई होती, वय ८१, आणि माझ्या भाचीचा चार वर्षांचा मुलगा होता.

घाट सोडून पाच मिनिटं झाली नसतील, इंजिनाचा आवाज बदलला. मी चौतीस वर्षं डिझेल इंजिनांवर फिटर म्हणून काढली आहेत, पंपसेट, ट्रॅक्टर, जनरेटर, सगळं केलंय, त्यामुळे गप्पा मारतानासुद्धा कान तिकडेच असतो. रेस आपोआप वर जायची, खाली यायची, परत वर, परत खाली, आणि नावाड्याने जोर द्यायला लिव्हर ओढला की इंजिन उलट बसायला लागायचं. मी उठून त्याच्यापर्यंत जाईपर्यंत इंजिन बंद. होडी धारेत आडवी झाली आणि वाहायला लागली. वरून सरदार सरोवराचं पाणी सोडलेलं होतं की काय माहीत नाही पण त्या दिवशी धार जोरात होती, बांबू तळाला टेकत नव्हता, आणि नावाड्याचा मुलगा एकटा वल्हं मारत होता. आई काही बोलली नाही, फक्त अस्थींचा कलश दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली. तो चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

नावाडी मला म्हणाला, "काका, गरम थई गयुं छे, दस मिनिटमां चालु थई जशे." आणि खरंच दहा मिनिटांनी त्याने हँडल मारलं आणि इंजिन चालू झालं. हळूहळू आम्ही काठाला लागलो. तो म्हणाला गेल्या दोन आठवड्यांत तीनदा असंच झालंय, म्हणून तो इंजिनावर पाणी ओततो, थोडं थांबतो, मग चालतं. नोझलं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं, काढून टेस्टिंगलापण देऊन आला होता, त्यात चांगले पैसे गेले होते.

आता माझं म्हणणं नीट ऐका, कारण नदीवरचे बरेच नावाडी इथेच फसतात. थांबून पुन्हा चालू होणारं इंजिन गरमच झालेलं असतं असं नाही. मी सिलिंडरच्या अंगाला हात लावून पाहिला होता, नेहमीइतकंच तापलेलं होतं. फिल्टर चोंदला की त्यातून डिझेल झिरपतं, पण इंजिनाला जोरात चालताना लागतं तेवढं जात नाही. मग इंजिन उपाशी राहून बंद पडतं, दहा मिनिटं थांबलं की तेवढ्या वेळात थोडं डिझेल झिरपून पुढे भरतं, इंजिन चालू होतं, आणि माणसाला वाटतं थंड झाल्यामुळे चाललं. म्हणून काठावर उभं राहून हळू रेसवर ट्रायल घेतली तर सगळं छान वाटतं, आणि भरलेली होडी धारेविरुद्ध न्यायची वेळ आली की तिथेच दगा देतं.

याच्यावर एक आणखी वाईट गोष्ट आहे. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला गाळ, गंज, पाणी हे सगळं शांत पाण्यात शांत बसलेलं असतं. वारा सुटला, लाटा आल्या, होडी डुलायला लागली की टाकीतलं डिझेल घुसळतं, गाळ वर उठतो आणि सगळाच्या सगळा फिल्टरवर जाऊन बसतो. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाची खरी गरज, नेमकं त्याच क्षणी ते बंद पडायची शक्यता सगळ्यात जास्त. यात नशीब वगैरे काही नाही, टाकीत घाण आहे म्हणून होतं.

पुढच्या रविवारी मी पाने, चिंध्या, पसरट ट्रे आणि दोन नवे फिल्टर घेऊन एकटाच परत चांदोदला गेलो. नावाडी घाटाच्या खालच्या अंगाला होडी बांधून वाट बघत होता. आधी टाकीचं झाकण बघितलं, कारण झाकणाला हवेचं बारीक भोक असतं आणि ते रंगाने किंवा मातीने बुजलं तरी अशीच लक्षणं दिसतात, झाकण फिरवल्यावर सुस्स आवाज करून हवा आत गेली तर समजायचं. इथे भोक मोकळं होतं. मग टाकीखालचा कॉक बंद केला, फिल्टरखाली ट्रे ठेवला, आणि पहिल्या फिल्टरच्या बाऊलचा, म्हणजे फिल्टर ज्या वाटीत बसतो तिचा, खालचा बोल्ट ढिला करून आतलं सगळं एका काचेच्या बाटलीत घेतलं. बाटली पाच मिनिटं पायरीवर ठेवली आणि नावाड्याला दाखवली. वर डिझेल, खाली चार बोटं गढूळ पाणी, आणि दोघांच्या मध्ये शेवाळासारखे काळे तंतू. ते तंतू म्हणजे जिवंत वाढ असते, डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या पातळीवर ही जंतूंची साय धरते. नावाड्याने बाटली उन्हात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाला, हेच पाजत होतो का मी याला.

पाणी कुठून आलं? अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी पत्र्यावर धरतं आणि थेंब थेंब तळाशी जातं. शिवाय डिझेल कॅनमधून आणतात, कॅन उघड्यावर, पाऊस पडतो, गाळणी न लावता ओतायचं. पाणी डिझेलपेक्षा जड असतं त्यामुळे ते कायम तळाशी, आणि डिझेल ओढायची नळीपण तळाजवळच असते. म्हणून माझा नावाड्यांना पहिला सल्ला असा की संध्याकाळी होडी बांधताना टाकी भरून ठेवा, रिकामी ठेवू नका, आणि ओतताना बारीक जाळीची गाळणी लावा.

आपल्याकडच्या जुन्या इंजिनांना बहुतेक जोडीने दोन फिल्टर असतात, पहिला कापडी, दुसरा कागदी. कापडी मोठा कचरा अडवतो आणि कागदी बारीक. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरतात आणि कागदी फिल्टर त्याच्या कितीतरी पट बारीक कण पकडतो, कारण पुढे जो फ्युएल पंप आणि नोझल आहे त्यांच्यात प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यामधलं अंतर एक-दोन-तीन मायक्रॉनचं असतं आणि त्यांना वंगण म्हणून डिझेलच असतं, वेगळं ऑईल नाही. पाणी गेलं की वंगण गेलं, आणि पंपाला ओरखडे पडले की खर्च हजारांत. आणि फिल्टर? जोडीचे मिळून काही शेकडे रुपये.

कापडी फिल्टर काढला तेव्हा तो काळा चिकट झाला होता. कागदीचा कागद पाण्याने फुगून घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यातून डिझेल जात कसं होतं हेच नवल. बाऊल काढताना वरच्या खाचेत रबराची रिंग असते, ती जुनी रिंग बहुतेक वेळा वरच चिकटून राहते आणि घाईत माणूस नवी रिंग त्याच्यावरच चढवतो. या होडीत तेच झालेलं होतं, दोन रिंगा एकावर एक. मी टाचणीने जुनी उकरून काढली, खाच चिंधीने पुसली, नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावलं आणि बसवली. बाऊल आतून स्वच्छ डिझेलने धुतला, पाण्याने नाही. बोल्ट आवळताना जोर दाखवायचा नसतो, रिंग बसली की झालं, जास्त ओढलं तर आटे जातात. ज्यांच्या इंजिनाला डब्यासारखा आख्खा फिरवून काढायचा फिल्टर आहे त्यांनी रबर टेकेपर्यंत फिरवावा आणि मग हाताने आणखी अर्धा-पाऊण फेरा, पाना लावू नये. आणि तो डबा मधल्या भोकातून कॅनच्या डिझेलने भरू नये, मधलं भोक म्हणजे गाळून झाल्यानंतरची बाजू, तिथून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं.

आता एअर. नव्याने शिकणारे इथेच हरतात, सांगतात नवा फिल्टर टाकला आणि इंजिन चालूच होईना, फिल्टर खराब निघाला. फिल्टर खराब नसतो, उघडल्यावर लाईनीत हवा शिरते आणि डिझेल पंप हवेला दाबत बसतो. कॉक उघडायचा, पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन फेरे ढिला करायचा आणि फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, हाताचा लिव्हर मारत राहायचा. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग एकसारखी स्वच्छ धार येते, ती धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग दुसऱ्या फिल्टरचा, मग फ्युएल पंपावरचा, याच क्रमाने, टाकीकडून इंजिनाकडे. लिव्हर हाताला अगदी ढिला लागला आणि काहीच ढकललं जात नाही असं वाटलं तर घाबरू नका, पंपाचा कॅम (पंपाला ढकलणारा फिरता उंचवटा) वर येऊन थांबलेला असतो, हँडलने इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हर लगेच जोर धरेल. त्या नावाड्याचं वय पन्नाशीच्या पुढे, आयुष्य पाण्यावर गेलं, आणि ही एक गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती, दर वेळी तो मेकॅनिकला डभोईहून बोलवायचा. एवढं करूनही चालू नाही झालं तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून हँडल मारायचं, तिथे थेंब यायला लागले की आवळायचं. फक्त चालू नोझलसमोर बोट कधीही धरू नका, तो फवारा कातडीच्या आत घुसतो.

तांब्याचे वॉशर जिथे जिथे निघाले तिथे मी नवे घातले. जुना वॉशर एकदा दबला की कडक होतो आणि परत नीट बसत नाही. याचं महत्त्व असं की टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढीची असते, दाबाची नाही. तिथे सैल जोड असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं, तपासणाऱ्याला वाटतं ठीक आहे, आणि इंजिन मात्र मधूनच धापा टाकतं. जुन्या होड्यांमधल्या तडकलेल्या रबरी नळ्यापण अशाच, वरून बऱ्या दिसतात.

टाकीपण आम्ही त्याच दिवशी रिकामी केली, तळाशी दीड-दोन लिटर पाणी आणि गंजाचा चिखल निघाला. ते केलं नसतं तर नवे फिल्टर आठ दिवसांत परत चोंदले असते. एक गोष्ट मी आग्रहाने केली, काढलेलं सगळं डिझेल, पाणी, चिंध्या, जुने फिल्टर कॅनमध्ये भरून गाडीतून बडोद्याला आणले आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये जिथे काळं ऑईल गोळा करून पुढे देतात तिथे दिले. होडीच्या तळात सांडलेलं डिझेल पंपाने नदीत मारायची सवय फार वाईट आहे. ज्या पाण्याला आपण मैया म्हणतो, ज्यात आपली माणसं सोडतो आणि जे पुढे लोक पितात, त्यात हे जाता कामा नये.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं.

१८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात होडी उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बडोदं ते विसरू शकत नाही आणि विसरूही नये. तिथलं कारण वेगळं होतं, जास्त माणसं भरली होती, सगळ्यांना जॅकेटं नव्हती, इंजिनाचा त्यात प्रश्न नव्हता हे मला माहीत आहे. पण तेव्हापासून होडी म्हटलं की आपण जॅकेट आणि माणसं मोजतो, आणि ते मोजलंच पाहिजे, एकही जॅकेट कमी चालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मोजणी तिथे थांबू नये. धारेत इंजिन बंद पडलेली होडी आडवी होते, घाबरलेली माणसं एका बाजूला येतात, आणि मग माणसं मोजून भरलेली होडीसुद्धा धोक्यात येते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यात इंजिनाच्या नौकांची नोंदणी आणि सर्व्हे करायचा आहे. सर्व्हे करायचाच आहे तर करणाऱ्याने खोकं उघडावं, बाऊलमधलं डिझेल बाटलीत घेऊन पाच मिनिटं ठेवावं, आणि फिल्टर कधी बदलला ते विचारावं. याला कुठलंही मशीन लागत नाही, एक काचेची बाटली पुरते.

कधी बदलला हे सांगता यावं म्हणून तारीख लिहा. मी त्या नावाड्याला विचारलं होतं शेवटचा फिल्टर कधी घातला, तो म्हणाला दिवाळीच्या आधी, पण कुठल्या दिवाळीच्या आधी ते त्याला आणि त्याच्या मुलाला दोघांनाही सांगता येईना. त्याला दोष नाही, रोजच्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहतं. इंजिनाच्या पुस्तकात जे तास दिलेले असतात ते पाळावे, साधारण २०० ते २५० तास धरतात. सीझनमध्ये होडी रोज पाच तास चालली तर ५० दिवसांत २५० तास होतात! आपण मोटरसायकलच्या हिशेबाने वर्षाचा विचार करतो आणि तिथे दोन महिनेसुद्धा पुरे होत नाहीत. त्यामुळे प्रत्येक होडीच्या इंजिनाच्या खोक्यावर आतून पांढऱ्या रंगाने तारीख टाकावी, आणि होडीत एक कापडी, एक कागदी फिल्टर, रिंगा, वॉशर आणि दोन पाने प्लास्टिकच्या डब्यात कायम ठेवावे. धारेत उभं राहून फिल्टर बदलणं सोपं नाही, पण डब्यात फिल्टरच नसेल तर हात बांधूनच बसावं लागतं.

चांदोदला निदान दोन्ही काठ दिसतात. आपल्यातली कितीतरी माणसं परिक्रमा करतात, त्यांना विमलेश्वरहून मिठी तलाईला होडीने जावं लागतं, तिथे नर्मदा समुद्राला मिळते, खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशात सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि होडी भरतीची वेळ बघूनच सुटते. तिथे इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं तर वल्हं आणि बांबू काय करणार. माझे दोन नातेवाईक गेल्या वर्षी त्या होडीत बसून आले, दोघंही साठीच्या पुढचे. जाणाऱ्यांनी चढायच्या आधी हात जोडून नावाड्याला विचारायला काय हरकत आहे, भाऊ, फिल्टर कधी बदललाय, जादाचा आहे का. विचारणारे वाढले की ठेवणारे वाढतील. नावाडी वाईट माणसं नसतात, त्या दिवशी आमच्या नावाड्याने भाड्याचे पैसे घ्यायला नकार दिला होता, मीच त्याच्या मुलाच्या खिशात घातले.

आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांना वर्षातून दोन दिवस घाटावर पाठवलं तर त्यांना खऱ्या इंजिनावर हात बसेल आणि नावाड्यांची मुलं बघून शिकतील. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं ते हाताने काम करणारी माणसं तयार व्हावी म्हणूनच. माझे आजोबा तिथे शिकले आणि आमच्या घरात पाना आला तो तिथून.

माझी स्वतःची तयारी सांगतो. फेब्रुवारीपर्यंत दर दुसऱ्या रविवारी मी चांदोदला आणि समोर करनाळीला जाईन, ज्या नावाड्याला फिल्टर बदलायला आणि एअर काढायला शिकायचंय त्याला शिकवीन, पैसे नकोत, फिल्टर त्याने आणावा, पाने माझे. आणखी दोन-तीन निवृत्त फिटर बरोबर आले तर गरुडेश्वर आणि नारेश्वरकडेही जाता येईल. माझा पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे, तो छापू नका, पण कोणी विचारलं तर जरूर द्या.

त्या होडीच्या खोक्यात मी तारीख टाकून आलोय, नावाड्याच्या मुलाने तिच्याखाली पुढची तारीख स्वतःच्या हाताने लिहिली. त्या दिवशी मी तिथे असणार आहे.

आपला,
एक निवृत्त डिझेल फिटर
दांडिया बाजार, बडोदे